तुला कुणी विणलं?

३ सप्टेंबर

पोचले एकदाची मर्सी आर्मला! फेरीबोटीने आतडी पिळून काढली, पण धक्क्यावर पाय टेकले आणि इतकं बरं वाटलं की एकटीच हसत सुटले. गावात चव्वेचाळीस माणसं आणि एक बंद पडलेली शाळा. महिनाभर तीच माझी प्रयोगशाळा. इथली जुनी दफनभूमी समुद्र गिळत चाललाय. कडा आणखी ढासळायच्या आत तिथल्या दातांतून डीएनए काढायचा, आणि या किनाऱ्यावरची पहिली कुटुंबं कोणती, आज त्यांचं कोण उरलंय, ते जुळवायचं.

राहायला आयडा पार्डीकडे. ऐंशी कधीच उलटलेली, सगळं गाव तिला आयडामावशी म्हणतं. बॅग खाली ठेवायच्या आत तिने आमच्याकडचा ठरलेला प्रश्न टाकला: तुला कुणी विणलं गं? म्हणजे, तू कुणाची? तिकडे शहरात, सेंट जॉन्समध्येही, म्हाताऱ्या हेच विचारतात आणि मी 'नॉफ्टॉलांची' म्हणून मोकळी होते. मावशीला का कोण जाणे, खरं सांगितलं. चर्चच्या पायरीवर सापडले, लोकरीच्या दुपट्यात. दुपट्याची शेवटची ओळ बंद केलेली नव्हती, टाके तसेच मोकळे. नॉफ्टॉलांनी वाढवलं. वीस वर्षं लोकांना त्यांचे पूर्वज शोधून देतेय, पण माझा डीएनए आजवर एकाही माणसाशी जुळलेला नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

मावशीने दुपटं मागून घेतलं, कडेवरून बोट फिरवलं आणि घाईघाईने घडी घालून परत दिलं. मग म्हणाली, चहा घे, शहरात रंगीत पाणी पिऊन वाळलीयस नुसती.

५ सप्टेंबर

चेस्ली हॅन नावाच्या मच्छीमाराने दोर बांधून मला कड्यावरून खाली सोडलं. साठीचा आहे, पण तोंड एक मिनिट बंद नाही. म्हणे, मेलेल्यांचे दात उपटायला एवढं शिकावं लागतं होय? आमचा डॉक्टर जिवंतांचेही न शिकताच उपटतो.

निघताना मावशीने माझ्या खिशात पावाचा तुकडा कोंबला. म्हणे धुक्यात 'भली माणसं' हिंडतात, म्हणजे पोरं पळवणारे परीलोकातले, खरं नाव घ्यायची भीती म्हणून 'भली'; पाव असला की हात लावत नाहीत. अकरा वाजता भूक लागली, मी तो खाऊन टाकला.

सात नंबरची कबर एका बाईची. दोनेकशे वर्षांची असेल. दगड समुद्रात गेलाय, पण हाताशी विणायच्या दोन सुया पुरलेल्या. दात एकदम छान मिळाला.

९ सप्टेंबर

शी! सात नंबरचा निकाल अर्धा माझ्याशी जुळतोय. म्हणजे नमुन्यात माझीच थुंकी पडली. आमच्या धंद्यात याहून मोठी नामुष्की नाही. अशी भेसळ पकडता यावी म्हणूनच पहिल्या दिवशी स्वतःच्या गालातला नमुना घेऊन ठेवतो. पुन्हा करते सगळं. दुहेरी हातमोजे, दार बंद.

१२ सप्टेंबर

पुन्हा तेच. भेसळ असती तर मी पूर्ण दिसले असते. ही बरोबर अर्धी आहे. अर्धी म्हणजे आई, नाहीतर मुलगी.

आणि दात जुनाच आहे, शंका नाही. माणूस मेलं की त्याच्या डीएनएचे धागे टोकांकडून उसवत जातात. जितकी वर्षं जास्त, तितकं उसवणं जास्त. ही दोनशे वर्षांइतकी उसवलीय.

यंत्र बिघडलं असणार. तरी तासभर रडले. आनंदाने रडले, लाज वाटते लिहायला.

१४ सप्टेंबर

चर्चच्या जुन्या नोंदवहीत, कबरींच्या रांगा मोजत गेल्यावर, सात नंबर सापडली. तिचं नाव सापडलं! शेजारी लिहिलंय: मुलगी, सहा आठवड्यांची, बेरी वेचायच्या माळावरून धुक्यात नाहीशी, १८१६.

धावत मावशीकडे गेले. नाव ओठांवर आलं तोच तिने पिठाचा हात माझ्या तोंडावर दाबला. म्हणाली, दुपट्याची वीण पाहिली तेव्हाच ओळखलं होतं मी. भल्या माणसांनी नेलेली पोरं कधीकधी परत येतात, शंभर-दीडशे वर्षांनी, तशीच तान्ही. आईचं नाव सांगत नाहीत तोवर जगतात. सांगितलं की चुकवलेली सगळी वर्षं एकदम अंगावर येतात. तू शोधायला लागलीस तिथेच पहिला टाका सुटला, पोरी.

मी म्हटलं, मावशी, मी शास्त्रज्ञ आहे. ती म्हणाली, मग बघ की तुझ्या यंत्रात.

१६ सप्टेंबर

बघितलं. माझा पहिल्या दिवशीचा नमुना धडधाकट. आजचा टोकांकडून उसवलेला. जिवंत माणसाचं असं होत नाही. होतच नाही.

तीनदा केलं. दर वेळी थोडं जास्त.

दुपट्याची मोकळी कड कुणीतरी बंद करायला घेतलीय. मावशीने शपथेवर सांगितलं की तिने हात लावलेला नाही.

१८ सप्टेंबर

धुकं. फेरी नाही. चेस्ली म्हणाला परवा येईल. माझ्याकडे बघून आज त्याला एकही चेष्टा सुचली नाही. खालचा एक दात हातात आला. केस उशीवर —

शाळेबाहेर सुयांचा आवाज. भरदुपारी. टिक, टिक.

खिसे पावाने भरलेत मावशीने.

२० सप्टेंबर

फेरी लागलीय. बॅग भरून झाली. सात नंबरचा दात मावशीने चेस्लीकडून जागच्या जागी पुरून घेतला. ती म्हणाली, जा, मागे बघू नकोस, कुणी विचारलं तर नॉफ्टॉलांची म्हण. एवढंच म्हणायचं. जगशील.

तपासायला ठेवलेलं दुपटं घ्यायला शाळेत आले. एकच टाका उरलाय.

खिडकीशी कोणीतरी आहे. धुक्यात नीट दिसत नाही. आवाज बाईचा. तोच प्रश्न विचारतेय, लहान पोरीला विचारावं तसा. तुला कुणी विणलं गं?

नॉफ्टॉलांची. म्हणायचं, नॉफ्टॉलांची —

भोंगा वाजला. चेस्ली हाका मारतोय.

दोनशे वर्षं हीच विचारत फिरतेय. आणि मी एक्केचाळीस वर्षं. आई गं, मी कशी जाऊ —

बोटं नीट धरत नाहीत. पण उत्तर येतं मला. आयुष्यात पहिल्यांदा येतं.

मी तुझीच गं. मला विणलं सबी—