गुलाबाईची मान

आबा, आठवडा झाला, माझं चित्त थाऱ्यावर नाही. वर्गात फळ्यावर अर्धं गणित लिहिते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते, मुली एकमेकींकडे बघतात. घरी रोज दूध उतू जातं. तुमच्या जावयांनी दोनदा विचारलं, काय झालं म्हणून, तर मी त्यांच्यावरच खेकसले. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि मला भांडायला आता तुम्हीच हवे आहात. दुसऱ्या कोणाला यातलं काय कळणार?

इथे जळगावात नवी बाग झालीय, तिच्यात एक शिल्प बसवलंय. साधा पुतळा नव्हे. जुने पाइप, पत्रे आणि तांब्याची तार यांची दोन पुरुष उंच बाई, डोक्यावर केळीचा घड, आणि आत मोटर. समोरच्या चौथऱ्यावर माणूस उभा राहिला की तिच्या छातीतल्या काचेच्या डोळ्याला ते कळतं, ती मान वळवून त्याच्याकडे बघते आणि घडातली केळी एकेक करून उजळतात. घडवणारा मुलगा मुंबईला शिकलेला, तिशीसुद्धा गाठली नसेल. उद्घाटनाला आम्ही दोघे गेलो होतो. लोक आ वासून वर बघत होते, आणि मी मात्र तिच्या गळ्यात बेअरिंग कुठे बसवलं असेल ते शोधत होते. तुमचा रोग, दुसरं काय!

शाळा सुटली की मी धुळ्याच्या आपल्या दुकानात येऊन बसायची, आठवतं? तुम्ही जमिनीवर मांडी घालून जळालेल्या मोटरींत नवी तार भरताय, सगळीकडे व्हार्निशचा वास, तो माझ्या वह्यांनासुद्धा लागलेला. एकदा तुम्ही पाणी प्यायला उठलात आणि चाचणीला लावलेली मोटर अडकली. नुसती हूं करते, फिरत नाही. मी आपली कौतुकाने बघत-ऐकत उभी. तुम्ही तिथूनच ओरडलात, "दखी काय राहिनी? पहिले बटन बंद कर, मंग इचार!" आयुष्यात तेवढंच एकदा तुम्ही माझ्यावर ओरडलात.

आणि मी आठवीत असताना आपण घरी बसवलेली ती मातीची गुलाबाई. तुम्ही कुंभाराकडून तिची मान वेगळी करून घेतली होती आणि आत टेपरेकॉर्डरची मोटर बसवली होती. संध्याकाळी पोरी आपल्याकडे गाणी म्हणायला आल्या की तुम्ही पडद्यामागे बटन घेऊन बसायचे. मी डबा वाजवायची, पोरी आतला खाऊ ओळखायच्या. मुरमुरे? गुलाबाई मान हलवून नाही म्हणते. शेव? नाही. फुटाणे? की लागला तिच्या कपाळावरचा दिवा! पोरी अशा किंचाळायच्या की शेजारच्या बायासुद्धा पोळ्या टाकून बघायला यायच्या. मग एक दिवस वकिलांची मुलगी म्हणाली, "कोणी केली गं ही? तुझ्या वडिलांनी? कालच ते आमचा पंप दुरुस्त करायला आले होते, पायरीवर बसून चहा पीत होते." तिच्या मनात वाईट नसेलही, पण दोघीतिघी फिदीफिदी हसल्या. आणि मी म्हटलं, "छे! ही आम्ही विकत आणलीय."

तुम्ही चार हातांवर होता, आबा. मधे नुसतं आईचं जुनं लुगडं टांगलेलं. तरी तुम्ही खेळ मोडला नाही. त्यानंतरही गुलाबाईने एकदासुद्धा चूक केली नाही. पोरी गेल्यावर बाहेर आलात, गुडघे चोळलेत आणि विचारलंत, "खाऊ पुरना का, बेटा?" बस्स, एवढंच. एक थोबाडीत ठेवून दिली असती तर सुटले असते मी! पुढच्या वर्षी साध्या मानेची गुलाबाई घरी आली.

तर त्या उद्घाटनाचं सांगते. आपली माणसं, हाराशिवाय उद्घाटन कसलं? प्रमुख पाहुणे शिडीवर चढले आणि त्या बाईच्या गळ्यात हा एवढा झेंडूचा हार घालायला लागले. तो मुलगा खालून काकुळतीने म्हणतोय, "सर, गळ्यात नको, पायाशी ठेवा ना." पाहुणे म्हणाले, "अहो, बाई पहिल्यांदा लोकांसमोर येतेय, मोकळ्या गळ्याने बरं दिसतं का?" नारळ फुटला, बटन दाबलं, पाहुणे समोरच्या चौथऱ्यावर उभे राहिले. बाईने एकदा मान वळवली, दुसऱ्यांदा वळवली, आणि मधेच थबकली. लोक टाळ्या वाजवताहेत. आणि टाळ्यांच्या आतून मला तो आवाज आला. हूं. मग तो व्हार्निश तापल्याचा वास. मी चप्पल तिथेच टाकून धावले, "बटन बंद करा! आधी बटन बंद करा!" तुमचे जावई मागून म्हणताहेत, "अगं, काय करतेस?" शिल्पामागे पत्र्याची पेटी होती, तिच्यातला खटका मीच ओढला.

मुलगा वर चढला. हाराचा दोरा मानेत करकचून गुंडाळला होता. त्याने मोटरला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "अजून थोडा वेळ गेला असता तर जळलीच होती," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. पाहुणे माझ्याजवळ आले, "बाई, तुम्हाला कसं कळलं हे? कोणी शिकवलं?" सगळी बाग माझ्याकडे बघत होती. तुमचं दुकान माझ्या जिभेवर होतं, अगदी टोकावर. मी म्हटलं, "माझे वडील इंजिनीअर होते."

"वाटलंच!" पाहुणे म्हणाले. तुमच्या जावयांनी मान खाली घातली. पाहुण्यांनी पहिल्या रांगेत एक खुर्ची लावायला सांगितली, या, बसा म्हणाले.

हे पत्र घालायला पेटी नाही, पत्ताही नाही. आणि असता तरी मी टाकलं नसतं, कारण वाचून तुम्ही रागावणार नाही, पुन्हा खाऊचंच विचाराल. म्हणून इथेच कबूल करते. खुर्ची गादीची होती, आबा, आणि कार्यक्रम संपेपर्यंत मी तिच्यावरून उठले नाही.