अदेलिनोचा अर्धा फोटो

लिस्बन, १२ जून २००४

हरलो! युरो फुटबॉलचा पहिलाच सामना, घरच्या मैदानात, आणि ग्रीसकडून! संत अंतोनियोचा सण, गल्लोगल्ली सार्डिन भाजायच्या शेगड्या पेटलेल्या, पण माणसं सुतक असल्यासारखी बसलेली. माझा भाऊ अदेलिनो मात्र खात होता. पावाच्या जाड फोडीवर मासा ठेवून, बोटांनी काटे काढत. सहा मासे. शेवटी तेल प्यायलेला तो पाव.

"पॅरिसमध्ये सगळं मिळतं, झुल्मिरा. हा पाव मिळत नाही."

अंतिम सामना बघूनच जाणार म्हणतो. पाच जुलैची बस. म्हणजे तेवीस दिवस.

घरी येऊन बाबांना सांगितलं, अदेलिनो आलाय. ते रेडिओ पुसत होते. "कोण?" म्हणाले, आणि पुसत राहिले.

१४ जून

त्याला नदीकाठच्या बेलें भागात नेलं. कस्टर्डच्या गरम वड्या, वर दालचिनी – पाच खाल्ल्या! मग तिथल्या जुन्या मठासमोर उभा राहून फोटो काढ म्हणाला. स्वतःच्याच देशात पाहुण्यासारखा हिंडतो. मी कॅमेरा तिरका धरला.

"नीट धर गं! नाहीतर पुन्हा अर्धाच यायचो."

हसला. मला हसता आलं नाही.

१५ जून

लिहूनच टाकते.

साल सत्तर. आफ्रिकेतल्या वसाहतींमधल्या सक्तीच्या लढाईवर जायला नको म्हणून अदेलिनो अठराव्या वर्षी चोरवाटेनं फ्रान्सला पळाला. तेव्हा कितीतरी पोरं तशीच जायची. निघताना फोटो मधोमध फाडायचा. अर्धा घरी, अर्धा त्याच्या खिशात. सुखरूप पोचला की आपला अर्धा टपालानं पाठवायचा. पत्र नाही – पत्रं पोलीस फोडायचे. अर्धा फोटो आला की समजायचं, पोरगा जिवंत आहे.

तो आला होता. पोस्टमननं माझ्या हातात दिला.

मी दहा वर्षांची. मला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. पाकिटात अदेलिनोचा एक डोळा, अर्धं हसू. दुसरा अर्धा आईच्या उशाशी होता. मला वाटलं, दोन तुकडे जुळले की सगळं मिटलं – मग तो परत कशाला येईल? हा माझ्याकडे असला तर न्यायला तरी येईल. मी लपवला.

आईनं तीन महिने वाट पाहिली. मग काळे कपडे घातले. पुढच्या हिवाळ्यात ती गेली, मुलगा डोंगरातल्या बर्फात मेला असं धरून. तिला नेलं त्या दिवशी बायकांच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. मी तो तुकडा चुलीत घातला.

वर्षभरानं कुणा गाववाल्यानं त्याला पॅरिसमध्ये बघितलं. आणि चौऱ्याहत्तरला, हुकूमशाही पडल्यावर, तो दारात उभा. "बाबा, मी पाठवला होता!" बाबा म्हणाले, "खोटारड्या. आईसाठी एक तिकीट लावायला जड झालं तुला?" दार लावून घेतलं.

मी बाबांच्या मागेच उभी होते. चौदा वर्षांची. गप्प.

अजून गप्पच आहे.

२० जून

स्पेनला घरी पाठवलं! आम्ही गोगलगायी खात होतो, खालच्या खानावळीत. मालक फ्लोरिंदो अदेलिनोला सोडत नव्हता. "आले फ्रान्सवाले! साहेबांना काटा-चमचा द्या रे, टाचणीनं खायचं विसरले असतील!"

"तुझी खानावळ तेवढी विसरायची होती," अदेलिनो म्हणाला, "तीच राहिली."

सगळे हसले. मी ठरवून आले होते. "अदेलिनो, मला तुला एक –" आणि गोल! माणसं टेबलांवर चढली. कुणीतरी मला उचललं. खाली ठेवलं तेव्हा धीर संपला होता.

२४ जून

इंग्लंड. पेनल्टी. बाबा टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ ऐकतात, कान अगदी चिकटवून.

"बाबा, तो परत विचारतोय. येऊ का म्हणून."

"गप. पेनल्टी आहे."

जिंकलो. बाबांनी मला मिठी मारली. मग रेडिओ बंद करून झोपायला गेले.

२७ जून

टेकडीवरून शहर बघायचं म्हणाला. किल्ला, नदी, पूल – त्यानं काहीच बघितलं नाही. आमची खिडकी शोधली. खिडकीत झेंडा. (चिनी दुकानातून आणलेला, आपल्या झेंड्यावरच्या छोट्या किल्ल्यांच्या जागी पॅगोडे छापलेत. बाबांना सांगायची हिंमत नाही.) तेवढ्यात बाबा कुंड्यांना पाणी घालायला आले.

"वाकलाय गं म्हातारा."

मग म्हणाला, "एकदाच म्हणावं त्यानं – पाठवला होतास. दुसरं काही नको मला."

मी पर्समध्ये रुमाल शोधत बसले. रुमाल हातातच होता.

३० जून

अंतिम सामन्यात पोचलो! रस्त्यावर सगळे वेडे झालेत. सांगायला माझे चार दिवस उरले.

३ जुलै

सांगितलं.

बोटीत, नदीपलीकडे जेवायला जाताना. सगळं, चुलीपर्यंत. तो पाण्याकडे बघत होता.

"आईला कळलं होतं?"

"नाही."

"बाबांना?"

"नाही."

पलीकडे पोचलो. टेबलाशी बसला, काही मागवलं नाही. या तीन आठवड्यांत पहिल्यांदाच! वेटर दोनदा येऊन गेला.

"लहान होतीस, ठीक," तो म्हणाला. "पण नंतर? माझ्या पोरांनी आजोबा बघितला नाही, झुल्मिरा. तीस वर्षं तू मला बाहेरच्या बाहेर भेटत राहिलीस, आणि दर वेळी विचारायचीस – बाबांवर रागावला नाहीस ना?"

उठला. परतीच्या बोटीत एकटाच चढला. मी पुढच्या बोटीनं आले.

आता तो बाबांना सांगणार. सांगू दे.

४ जुलै

सामन्याआधी दार वाजलं. बाबांनी उघडलं. मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात बटाट्यांचं पातेलं.

अदेलिनो आत आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "बाबा, मी फोटो पाठवला नव्हता."

मी पातेलं खाली ठेवलं.

"पॅरिसला पोचलो, काम मिळालं, दारू मिळाली. विसरलो. नंतर लाज वाटली म्हणून खोटं बोललो. माफ करा."

मी तोंड उघडलं. त्यानं माझ्याकडे बघितलं – एकदाच. मी तोंड मिटलं.

बाबा दारातून बाजूला झाले. मग म्हणाले, "झुल्मिरा, आणखी एक ताट."

तिघं जेवलो. खारवलेला कॉड मासा, बटाटे, चणे. ग्रीसनं गोल केला. हरलो तेव्हा अदेलिनो लहान पोरासारखा रडला आणि बाबांनी त्याच्या मानेवर हात ठेवला. मॅचसाठी कुणी एवढं रडत नाही.

मी भांडी घासली. तेवढंच केलं.

५ जुलै

सकाळी बस सुटली. परतताना ट्राममध्ये बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, लहानपणापासून. काल झाले होते. चौऱ्याहत्तर साली दारात नव्हते झाले."

मग ते माझ्याकडे वळले.

"पोस्टमन तेव्हा टपाल तुझ्याच हातात द्यायचा, नाही का गं?"