काळ्या पूडलवरचं शेवाळ

चिमे,

सकाळी पूडलवाल्या बाई चित्र न्यायला आल्या होत्या. त्यांचा काळा कुत्रा गेला, आता चित्रच काय ते राहणार होतं. बघून म्हणाल्या, "काका, याच्या अंगावर शेवाळ का हो आलंय?" आणि चित्र न घेताच गेल्या.

काळ्या केसांचं एकेक वेटोळं निळ्याने उठवावं लागतं. मला वर्षभर निळं-हिरवं सारखंच दिसतंय. तुला सांगितलं नाही. रंगांच्या ट्यूबांवरची नावं पुसली गेलीत, म्हणून त्या ओळीने लावून ठेवायचो, तिसरी निळी. परवा तू मायेने टेबल आवरलंस, ओळ बदलली, आणि मी दोन दिवस त्या कुरळ्या केसांत हिरवं भरत बसलो. तुझा दोष नाही गं, लपवलं मी.

आणखी दोन पूडलांची चित्रं कबूल केलीत, त्यांच्या मालकांना फोन करून नाही म्हण. माझ्याच्याने बोलवणार नाही.

कीर्तनाला जातोय. तिथे डोळे मिटून बसलं तरी कुणी कारण विचारत नाही. देवाकडे काय मागावं, तेही सुचत नाही.

जेवायला थांबू नकोस. मी आल्यावर "बाबा, पुन्हा रंगवू" म्हणू नकोस. तू म्हटलंस तर मी बसेन रंगवायला.

बाबा