पाखलीण विकताना

८ सप्टेंबर, सोमवार

"रडू नको गो. नेता तोच परत हाडतलो."

आज चहा गाळताना भाईंचं, माझ्या वडिलांचं, हे वाक्य ऐकू आलं. अगदी त्यांच्या आवाजात, थोडं नाकातलं. मी सात-आठ वर्षांची असेन. मागच्या सीटवर शेजारची इंदू, नवरी, हमसून रडत होती. भाई डावीकडे, स्टिअरिंगवर. मी त्यांच्या उजवीकडे, पाय जमिनीला न पोचणारी. भाईंनी मागे वळून एवढंच म्हटलं, नेणाराच परत आणेल, आणि गाडी सुरू केली. पाचव्या दिवशी तिच्या सासरी, इब्रामपूरला जाऊन तिला पाचपरतावणाला माहेरी घेऊनही आले. आमच्या वाड्यावरच्या, या वस्तीतल्या, प्रत्येक मुलीला असंच. पाखलिणीतून, म्हणजे आमच्या या गाडीतून जायचं, पाखलिणीतूनच पहिल्यांदा परत यायचं.

आठवण्याचं कारण उघड आहे. काल ठरलं. गाडी विकायची.

माझा नवरा, सु., म्हणाला, "गाडी तुजी. वडलांनी तुका दिली. तू ठरय." त्याच्या आमोण्याच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला नदीतल्या मालवाहू बार्जी येणं कमी झालंय. कुणाला घरी पाठवलेलं नाही अजून. आमच्या मुलीची, मैथिलीची, पुण्यातल्या शिक्षणाची अजून दोन वर्षं शिल्लक. फोन उघडला की कुठे ना कुठे युद्ध. संकट काही आलेलं नाही. पण आलं तर हाताशी काही असावं. माझ्या कथांवर तर मांजरसुद्धा जगायचं नाही.

मग विकण्यासारखं घरात आहे काय? ती एकटीच.

१५ सप्टें.

फोटो काढले. अंगणात, सकाळच्या उन्हात. इतक्या वर्षांत मी तिच्याकडे असं समोर उभं राहून पाहिलंच नव्हतं. पोर्तुगीज अमलात बोटीतून उतरलेली, तिकडचंच डावं स्टिअरिंग, म्हणून पाखलीण, गोरी मडम. तो निळा रंग धड आकाशाचा नाही, धड शाईचाही नाही. पुढचे दोन दिवे आणि मधली जाळी. कुणीतरी आत्ताच नाव विचारलंय आणि ती सांगायच्या बेतात आहे, असा चेहरा.

फोटो टाकून तास झाला नाही तोवर पुण्याहून फोन. श्री. परांजपे. जुन्या गाड्या जमवतात. पहिला प्रश्न किमतीचा नव्हता. म्हणाले, "चावी फिरवल्यावर ती लगेच बोलते, की आधी श्वास घेते?"

श्वास घेते. हे त्यांना कसं कळलं?

२१ सप्टें., रविवार

बातमी वाड्यावर फुटली. शेवंतीकाकी कुंपणापाशीच उभी.

"काय गो, आयकलं तां खरां?"

"खरं."

"आणि आमच्या मनालीचां? तिका पाळण्यात सांगून ठेवलंय मी, तू पाखलिणीतून जातलंस म्हणून. आता काय तिका रिक्षात घालू?"

मनाली मागून, "आई, रिक्षा निळी रंगवया गो," म्हणून हसली. हसली खरी, पण माझ्याकडे पाहिलं नाही. लग्न तेवीस नोव्हेंबरला. मुलगा इब्रामपूरचा, इंदूच्याच शेजारचा.

काकीला शब्द दिला. लग्नाआधी गाडी हलणार नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

गाडीची पूजा. झेंडू, हळद, चाकाखाली लिंबू. परांजपे येणार म्हणून आधी सु. आणि मी मागची सीट काढून साफ करायला बसलो. भाई गेल्यापासून ती काढलीच नव्हती.

खाली तांदूळ होते.

वाड्यावरच्या मुली गाडीत बसताना ओटीतले चिमूटभर तांदूळ सीटच्या फटीत सोडतात. पाखलिणीने परतीची वाट विसरू नये म्हणून. हे मला ठाऊक होतं, मीही सोडले होते. पण ते सगळे तिथेच असतील असं कधी मनात आलं नव्हतं. काळे पडलेले, पिवळे, काही अगदी कालचे वाटावेत असे. मध्ये हिरव्या काचेचे तुकडे, बांगड्यांचे. एक मोत्याचं डूल. सुकून कागद झालेली अबोली.

सु. हातात झाडू घेऊन तसाच राहिला. "मुंग्यांनी कसे नेले नाहीत?" एवढंच म्हणाला.

मीही तेच म्हणत होते. इतकी वर्षं, इतके पाऊस, आणि एका मुंगीला वाट सापडू नये? त्यातले कुठले माझे? कुठले इंदूचे? मी गुडघ्यांवर बसून राहिले. देवळात गाभाऱ्याचा पडदा सरकतो तेव्हा जोडले जातात, तसे हात जोडले गेले.

झाडू लावला नाही. सीट पुन्हा होती तशी बसवली.

१२ ऑक्टो., रविवार

परांजपे आले. साठीचे, सडसडीत. दाराला हात लावायच्या आधी खिशातून पांढरे हातमोजे काढून घातले.

शेवंतीकाकी कुंपणापलीकडून, अगदी ऐकू जाईल इतक्या हळू: "हातमोजे कित्याक? आमची गाडी चावता?"

ते हसले नाहीत. बॉनेट उघडून, डोळे मिटून, बराच वेळ इंजिन ऐकत राहिले. उघडले तेव्हा डोळ्यांत पाणी. म्हणाले, "तुमच्या वडिलांचे उपकार आहेत हो. कुणाचेही हात लागू दिले नाहीत तिला." या माणसाचा राग करायचं मी ठरवलं होतं. नाही जमलं.

त्यांच्याकडे खास बांधलेली शेड आहे. ऊन नाही, दमट हवा नाही. "आता ती रस्त्यावर येणार नाही. महिन्यातून एकदा इंजिन फिरवायचं. बास. पुष्कळ धावली."

मनालीच्या लग्नाचं सांगितलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी म्हटलं, एकच फेरी. इब्रामपूरपर्यंत. गाडीसाठी रांगेत असलेल्या बाईसारखी विनवणी केली, आणि गाडी माझीच!

"ठीक. एक फेरी. पण मग एक किलोमीटरही नाही. चोवीसला ट्रेलर येईल. तो मोठ्या मुश्किलीने मिळालाय, तारीख हलणार नाही."

हात जोडले. विसार घेतला. किती, ते इथे लिहीत नाही. सु.ने रात्री जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, कित्येक दिवसांनी. ते पाहूनच मला झोप लागली.

काकीला सांगितलं, "मनाली पाखलिणीतूनच जाणार." तिने माझी दृष्ट काढली, भर दुपारी.

२६ ऑक्टो.

दुपारी फाटकात इंदू. इब्रामपूरहून दोन बसगाड्या बदलून आलेली. केस पांढरे, पदराखाली फणसपोळ्यांची पिशवी. मी ओळखलंच नाही.

"विकतंय म्हणून आयकलं. एकदा बसू?"

मागे बसली. मला म्हणाली, "काच वर कर गो." मी केली. "भाईंनी त्या दिवशी वर केली होती. माजां रडणां लोकांक आयकू जाव नये म्हणून. पूल येईसर तशीच ठेवली. मग म्हणाले, आता रडून झालां असात तर वारो घे."

हे मला माहीत नव्हतं. मी तर पुढेच बसले होते! भाईंच्या हाताशी. मला वाटलं होतं ते फक्त एक वाक्य बोलले.

इंदू बराच वेळ आत बसून राहिली. मी बाहेर, पायरीवर. जाताना दार लावलं तेही हलकं, आत कुणी निजलंय असं.

१६ नोव्हें.

तिला धुतलं, पॉलिश केलं. मनालीने स्वतः हात लावला, मेंदीच्या आधी. "ताई, ही तुज्यापेक्षा मोठी ना? मग हिका काय म्हणू, आजी?" म्हटलं, म्हण, पण तिच्या तोंडावर नको.

सु.च्या वर्कशॉपमध्ये दोन बार्जी आल्या. म्हणजे बरं की...? कुणालाच माहीत नाही. म्हणूनच तर विकतोय.

२३ नोव्हें., रविवार. संध्याकाळ

आल्या आल्या लिहायला बसले.

लग्न छान झालं. दुपारी पाखलीण मांडवासमोर लावली. चावी फिरवली. तिने श्वास घेतला आणि बोलली, पहिल्याच फेरीला. नवरा वऱ्हाडाबरोबर पुढे गेलेला; मनाली बसली. मी आरशातून पाहत होते. तिने ओटीत हात घातला, चिमूट घेतली, सीटच्या फटीत सोडली. कुणाला सांगावं लागलं नाही.

मग शेवंतीकाकी माझ्या खिडकीशी आली. डोळे पुसत, व्यवहारी आवाजात:

"पाचपरतावणाक सकाळीच जा हां. दुपारचा ऊन नको तिका. किती वाजता निघशी?"

पाचपरतावण.

मी फक्त जाण्याचं मागितलं होतं. एकच फेरी. माझ्याच तोंडाने. परत आणायचं मी मोजलंच नव्हतं. सु.ने नाही, काकीने नाही, इंदूने नाही. पाखलीण नेते आणि परत आणते, हे आम्हाला इतकं ठाऊक आहे की वेगळं मागायचं असतं हेच सुचलं नाही.

काकीपुढे मान हलवली बहुतेक.

मागे मनाली रडायला लागली. मी वळले. भाईंसारखीच, उजवा हात सीटवर टाकून. "रडू नको गो," म्हटलं. पुढचं वाक्य ओठांवर होतं. म्हणता येईना. खोटं ठरलं असतं.

मागची काच वर केली.

आणि मग तो रस्ता. कसं लिहू? डिचोली ओलांडली तेव्हा ऊन तिरपं झालेलं, कापलेल्या शेतांवर. लोक दुकानांतून बाहेर येऊन उभे. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ती गुणगुणत राहिली, कुठेही न अडखळता. मला वाटलं मी चालवत नाहीये. किती मुली या सीटवर रडल्या असतील, आणि हिला प्रत्येकीची वाट पाठ आहे. लोखंड ते. त्याला हे कुठून येतं?

पूल आला. काच खाली केली. म्हटलं, "आता वारो घे." मनालीने डोळे पुसले आणि खिडकीबाहेर तोंड काढलं. लहानपणी काढायची तसं.

इब्रामपूरच्या दारात इंदू उभी होती. मनालीला उतरवून घेतलं आणि माझ्याकडे वाकून म्हणाली, "गुरुवारी येतंय मगे?"

येताना मागची सीट रिकामी. मी आरशात पाहिलंच नाही.

२४ नोव्हें., सोमवार. पहाट

अंगणात दव. तिच्या काचांवरही. ट्रेलर दहापर्यंत येईल.

सु. उठून आला. सगळं सांगितलं. म्हणाला, "परांजपे नायच म्हणतलो. शब्द तुजोच, एक फेरी म्हणून. व्यवहार मोडला तर..." पुढचं बोलायला नकोच. पैसे येणार म्हणून त्याला झोप लागते, हे मी पाहिलंय. व्यवहार मोडायचा नाही, हे माझंही नक्की.

तरी टाइप करतेय. आधी इथे लिहिते, मग पाठवते. उत्तर काय येणार ते ठाऊक आहे. ट्रेलर वाटेत असेल, तारीख हलत नाही, आणि माणूस शब्दाचा पक्का आहे.

"परांजपे साहेब, नमस्कार. माझी मोजण्यात चूक झाली. आमच्याकडे नेलेल्या मुलीला हीच गाडी पाचव्या दिवशी माहेरी आणते, आणि तेवढंच मी मागायला विसरले. गाडी तुमचीच आहे. गुरुवारपर्यंत तिला माझ्या अंगणात राहू द्याल का? इब्रामपूरला एक मुलगी वाट पाहणार आहे."