कोटाचं तिसरं बटण

मंगळवार, ७ नोव्हेंबर १९८९. कात्रप

संध्याकाळी घरी आलो तर लॉन्ड्रीत टाकलेला माझा काळा कोट खुंटीवर. सुमन म्हणाली, "तुमचे एक अशील देऊन गेले. भला माणूस हो, चहा दिला मी."

नाव? विचारलं नाही म्हणे. पण मीनूची शाळा कधी सुटते ते त्याने विचारलं, आणि हिने सांगितलं.

कोट हातात घेतला. दोन महिने तुटलेलं तिसरं बटण लावलेलं होतं. काळ्या दोऱ्याने, घट्ट.

उल्हासनगरच्या त्या संपादकाचं वकीलपत्र घेतल्यापासून फोन येतात. "वकीलसाब, पेपरवाले का केस छोड दो." शिव्यांची सवय झाली. पण हे बटण? "आता साहेबांना फाइल छातीशी धरायला नको," असं तो जाताना सुमनला म्हणाला म्हणे. कोर्टात मी फाइल छातीशी धरून ती जागा झाकतो. म्हणजे तो किती जवळ बसत होता?

बटण कापायला कात्री घेतली. सुमन म्हणाली, "अहो, इतकं छान लावलंय, कशाला काढता?" काय सांगू हिला? कात्री ठेवून दिली. मीनूला उद्या घरीच ठेव, एवढंच म्हणालो.

उद्या उलटतपासणी. कोट एकच आहे. फाइल छातीशी धरायची आता गरज नाही, तरी धरणार.