मूलबाळ नसलेल्यांसाठी

२ डिसेंबर

पोचले एकदाची! मफलर, हातमोजे, लोकरी टोपी सगळं विमानतळावरच पिशवीत कोंबलं आणि बसमध्ये खिडकी उघडून बसले. आमच्याकडे निघताना बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकत होते, आणि दक्षिणेकडच्या या देशात भर डिसेंबरात माणसं दारात खुर्च्या टाकून ऊन खात बसलीत. वर याला थंडी म्हणतात! बसचालक गळ्यापर्यंत बटणं लावून बसला होता. माझे उघडे दंड पाहून त्यालाच हुडहुडी भरली.

हंगाम संपलेलं समुद्रकाठचं गाव म्हणजे लग्न आटोपल्यावरचा मांडव. हॉटेलांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, मोठाल्या छत्र्या दोरीने आवळून भिंतीला टेकवलेल्या, आइस्क्रीमच्या टपरीत मांजर व्यालेलं. बेकरी, औषधांचं दुकान आणि एक वाणी, एवढंच काय ते उघडं. मला हे फार आवडलं. गर्दीत मी नेहमीच बुजते.

घर पाण्याला अगदी लागून आहे. खाली स्वयंपाकघर आणि एक खोली, वर दुसरी खोली आणि रस्त्याकडे तोंड केलेली गॅलरी. खालच्या खोलीचं मागचं दार उघडलं की दगडी पायऱ्या सरळ समुद्रात उतरतात. शेवटच्या पायऱ्या पाण्याखाली हिरव्यागार दिसतात.

किल्ल्या शेजारच्या बाईंकडे असतात. कमरेला जुडगा बांधूनच हिंडतात, म्हणून मी त्यांचं नाव किल्लीवाल्या बाई ठेवलं. दार उघडून देताना त्यांनी विचारलं, मूलबाळ? मी नेहमीचं उत्तर दिलं, नाही. त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला जरा रागच आला.

५ डिसेंबर

आज दिवसभर बेत करण्यात गेला. धाकटी बहीण आणि भिंगरी वीस तारखेला येणार, पंधरा दिवस राहणार. मी आधी येऊन सगळं पाहून ठेवायचं असं ठरलं होतं. मला असली कामं मनापासून आवडतात. शाळेत सहलीच्या आधी सिस्टर मलाच बोलवायच्या, कुणी कुणाशेजारी बसायचं ते ठरवायला.

तर, बेटावर जाणारी बोट मार्चपर्यंत बंद. बस आहे, पण दुपारी ड्रायव्हर जेवायला गेला की गेला. कड्यावरची पायवाट सुरेख आहे, दोन्ही बाजूंनी संत्र्यांची झाडं लगडलीत. घरात मात्र बाहेरच्यापेक्षा गारठा जास्त. फरशी पायाला चावते. मोजे, स्लीपर आणि जाड पांघरुणं आणायला सांगायला हवं.

संध्याकाळी धाकटीला फोन केला. म्हणाली, ताई, हिवाळ्यात समुद्रावर कोण जातं, माशांना सर्दी झालीय का बघायला? आणि आपल्याच विनोदावर खोखो हसली. लहानपणापासूनची सवय. मागून भिंगरीने ओरडून विचारलं, मावशी, पोहता येईल का गं? मी म्हटलं, पाय बुडव फक्त. फोन ठेवल्यावर उगीचच बराच वेळ हातात धरून बसले.

८ डिसेंबर

इथे कुणी वाचणार नाही, तर लिहूनच टाकते. भिंगरी माझी मुलगी आहे.

ती बसायला लागली होती तेव्हा माझ्या छातीत क्षयाचा डाग निघाला. नवऱ्याने त्याआधीच पाठ फिरवली होती. मला डोंगरावरच्या दवाखान्यात ठेवलं आणि धाकटी म्हणाली, दे इकडे, दोन महिने सांभाळते, तू निर्धास्त बरी हो. बरी व्हायला दीड वर्ष लागलं. परत आले तेव्हा पोर अंगणात स्वतःभोवती गरागरा फिरत होती. माझ्याकडे पाहिलं आणि धाकटीच्या परकरात तोंड लपवून म्हणाली, आई, ही कोण?

धाकटी म्हणाली, मावशी आहे बाळ.

मग म्हणाली, ताई, आत्ता घाबरेल ती, जरा मोठी झाली की सांगू. शाळेत जायला लागली की सांगू. परीक्षा होऊ दे. पुढे तर धाकटीच्या घरच्यांनी गावच बदललं. मी वाढदिवसाला फ्रॉक शिवून पाठवत राहिले. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मदर होत्या, सिस्टर होत्या, नात्याचे सगळे शब्द होते आणि नातं कुणाचं कुणाशी नव्हतं. त्यामुळे मला सराव होता म्हणायचं.

मी कधी भांडले नाही. सगळे म्हणतात, ताई म्हणजे मेण.

११ डिसेंबर

दुपारी भाजी निवडताना फोन स्पीकरवर ठेवला होता. धाकटी सामानाचं विचारत होती, इतक्यात भिंगरीने आतून हाक मारली, आई, ए आई! धाकटीने ओ दिली. त्याच क्षणी इथे खालच्या खोलीचं मागचं दार धाडकन उघडलं. वारा अजिबात नव्हता. उन्हात समुद्र तेलासारखा पडला होता.

दार लावायला गेले तर फरशीवर पाणी. दारापासून पलंगापर्यंत ओल्या पावलांसारखं, आणि पलंगापासून थेट माझ्या मागे, फोन ठेवला होता त्या टेबलापर्यंत.

किल्लीवाल्या बाई कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होत्या. हातातली चादर तशीच टाकून धावत आल्या. फोनवर कोण होतं ते विचारलं. बहीण आणि तिची मुलगी, वीस तारखेला येताहेत, मी सांगितलं. त्यांनी आधी मागच्या दाराला कडी घातली.

१२ डिसेंबर

बाईंनी सांगितलं ते असं.

या घराच्या जुन्या मालकिणीचा मुलगा तिच्या जावेने वाढवला. मालकीण कामाला परगावी होती. मुलगा जावेलाच आई म्हणायचा. एक दिवस तो मागच्या पायऱ्यांवरून घसरला आणि त्याने हाक मारली. दोघी धावल्या. मालकीण आधी पोचली, हात पुढे केला. त्याने तो धरला नाही. दुसरीची वाट पाहत राहिला, आणि गेला. जाऊ त्याच रात्री गाव सोडून पळाली. मालकीण दुसऱ्या दिवशी त्याच पायऱ्यांनी उतरली.

तेव्हापासून या घरात ज्या बाईने आई या हाकेला ओ दिली, तिला ती नेते. उन्हाळ्यात एक पाहुणी गेली, गुडघाभर पाण्यात. तिचं लेकरू वरच्या पायरीवर कोरडं ठणठणीत उभं होतं. हाक मारणाऱ्याला ती काही करत नाही, बाई म्हणाल्या, जी ओ देते तिलाच. म्हणून हे घर उन्हाळ्यात देतच नाहीत. हिवाळ्यातच, तेही मूलबाळ नसलेल्यांना.

मग माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, त्यांना येऊ देऊ नका, मी तुम्हाला दुसरं घर बघून देते, आजच चला. मी म्हटलं, विचार करते.

१३ डिसेंबर

विचार केला.

हाक मारणाऱ्याला काही होत नाही. हे मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

खालची खोली धाकटीला देणार.

१४ डिसेंबर

किती दिवसांनी इतकं हलकं वाटतंय! खालच्या खोलीचे पडदे धुतले. पलंग मागच्या दाराजवळ सरकवला, सकाळी उठल्या उठल्या समुद्र दिसेल. धाकटीला गुडघ्यांचा त्रास आहे, तिला जिना नको, असं विचारलंच कुणी तर सांगता येईल. भिंगरी वर माझ्याजवळ झोपेल.

बेकरीवाल्याने विचारलं, आज भारी खुशीत दिसता? म्हटलं, बहीण येतेय. म्हणाला, नशीबवान आहे तुमची बहीण. हसू आवरेना. पाव तिथेच विसरून आले.

पोरीचा पहिला दात धाकटीने पाहिला. ताप आला तेव्हा उशाशी धाकटी. शाळेच्या दारात पहिल्या दिवशी पाय आपटून रडली ती धाकटीचा पदर धरून. मला फोटो यायचा. मागे छान अक्षरात लिहिलेलं असायचं, मावशीला गोड पापा.

मेणसुद्धा पेटतंच की.

१५ डिसेंबर

खात्री करून घ्यायला नको का? भर दुपारी मागच्या दारात उभी राहून मीच हाक मारली. आई. हळूच.

आली. पाण्याखालच्या पायऱ्यांवरून एकेक पायरी वर. आधी केस, मग खांदे. चेहरा पाहवला नाही. फार वेळ भिजत ठेवलेल्या कपड्यासारखा. माझ्यासमोर येऊन थांबली आणि मान वाकडी करून कान पुढे केला. कुणी ओ देतंय का, ऐकत होती.

मी गप्प राहिले. मग तिला समजावून सांगितलं, जसं मोलकरणीला काम समजावतात. वीस तारखेला येईल ती. ठेंगणी, हसरी. माझ्या मुलीने हाक मारली की तीच ओ देईल. तुझी जाऊ आणि माझी बहीण, दोघी एकाच मापाच्या.

ती ऐकत राहिली. परत गेली नाही.

१७ डिसेंबर

अजून घरातच आहे. दिवसाउजेडी. जिन्यात असते बहुधा. कठडा ओला लागतो.

किल्लीवाल्या बाईंच्या घराला कुलूप आहे. वाणी म्हणाला, भावाकडे गेल्या. जाताना माझ्यासाठी निरोप ठेवलाय, अजून वेळ आहे.

चहा करताना मागे उभी होती. मानेवर थेंब पडला. गार. तिला वाट बघवत नाही — मलाही कुठे —

पण भिंगरीला ही दिसली तर? पोर भीतीने — तेवढं मी धरलंच नव्हतं.

१८ डिसेंबर

स्वप्नात धाकटी लहान होती. माझ्या पेटीतल्या रंगीत रिबिनी चोरून केसात बांधलेल्या, आणि मी रागवण्याआधीच रडायला लागलेली. जागी झाले तर उशी ओली. माझ्या रडण्याने नव्हे. खारट वास येत होता.

येऊ नका म्हणावं का?

नाही. तिने मला कधी विचारलं होतं?

१९ डिसेंबर

फोन केला. चार वेळा. उचलत नाही. निघाल्या असतील.

जिन्यात उभी आहे. मला खाली सोडत नाही — बाजूला हो म्हटलं, हलली नाही. तिच्याकडे पाहून दटावलं तर हसल्यासारखं — तोंडातून पाणी —

माझी बहीण आहे ती. मला राग आहे तिचा, फार राग आहे, पण तो माझा —

२० डिसेंबर

धाकटीचा फोन आला. बसमधून.

सांगितलं तिने. सगळं. काल रात्री भिंगरीला समोर बसवून. म्हणाली, ताई, पंधरा दिवस एका घरात तुझ्या तोंडाकडे बघत खोटं वागणं माझ्याच्याने झालं नसतं. म्हणाली, तुझं तुला परत देतेय, उशीर झाला, मला शिव्या घाल, मार. पोर रात्रभर रडली. मला हाकच मारत नाहीये आता. तुला काय म्हणायचं ते घोकत बसलीय खिडकीशी.

मी ओरडले, येऊ नका, मागे फिरा. ती म्हणाली, आता रुसू नकोस गं. मी म्हटलं, तिला सांग हाक मारू नकोस, तेवढं सांग — बसचा आवाज. फोन गेला. पुन्हा लागत नाही.

जिना अजून अडलेला. गॅलरीत बसलेय. लिहिते, लिहिताना तोंड बंद राहतं. तोंड बंद ठेवायचं, बस्स. ओ द्यायची नाही. मुकी आहे मी. बहिरी आहे.

किती वर्षं गप्प राहिले. आणखी एकदा —

बस थांबली.

दिसल्या. धाकटी मागे, दोन्ही बॅगा तिच्याच हातात, मान खाली. किती म्हातारी झालीय. भिंगरी पुढे, जवळजवळ धावतच. वर पाहिलं तिने. मी ओठांवर बोट ठेवलं, मान हलवली, नको, बाळ, मावशी म्हण, काहीही म्हण — हसली. रडतेय आणि हसतेय. दोन्ही हात तोंडाशी नेले —

हाक मारली. मला. माझ्याकडे बघून.

तोंडातून ओ निघून गेली. कशी थांबवायची? कुणाला थांबवता —

मागे गॅलरीचं दार उघडलं. ओला हात, मनगटावर, पेन सुटतंय — भिंगरीला दिसत नाहीये हे, ती हात हलवतेय, आणखी एकदा हाक मारतेय, आणि मी पुन्हा —