मुठीतला खुळखुळाट

सौंदड,
६ ऑक्टोबर २०२५

चि. लीलाधर यास शामकलाताईचे आशीर्वाद.

इकडे ठीक आहे. धान लोंबीवर आलं. माझा गुडघा दुखतो, पण तळ्यापर्यंत रोज चालते. जागेश्वर गुरुवारी तिकडे, नायजरला, तुमच्या बोअरच्या कामावर परततो आहे. पत्र त्याच्या हाती देते.

त्याच्यासोबत तू पाठवलेली तलवार मिळाली. चिठ्ठी नव्हती. नऊ वर्षांत तुझ्याकडून आलेली पहिली वस्तू, आणि ती तलवार. याचा अर्थ काय घ्यायचा ते मला कळलं नाही. दसऱ्याला पूजेत ठेवली. हळदकुंकू लावताना मूठ खुळखुळली.

दुसऱ्या दिवशी बिसराम लोहाराकडे नेली. म्हटलं, मूठ ढिली आहे, आधी टोकाचं पितळी बोंड काढ. आपल्याकडे विळ्याची मूठ लाखेने बसवतात आणि तापवून सोडवतात. तसं समजून त्याने ती शेगडीवर धरली. कातडं आक्रसलं, बोंड सुटून राखेत पडलं.

"बाई, हे का होय? आतमंदी तर पोकळच आहे!"

खरंच पोकळ. मुठीत शिरणारं पात्याचं टोक बोटभरही नाही. मूठ आणि पात्यामधली आडवी पट्टी मला भरीव लोखंडाची वाटली होती, ती निघाली लाकडावर दुमडलेला पत्रा. बोंड म्हणजे तांब्यापितळेच्या चकत्या, एकीवर एक.

जागेश्वर बघून ओरडलाच. "ताई, ते वाजतेच! तिकडं सगळ्यायच्या वाजतेत. कायले खोलली तुम्ही?" तो म्हणतो, तिथले लोक लोखंडाला थेट हात लावत नाहीत, म्हणून मुठीवर कातडं आणि पितळ. मी विचारलं, मग लोखंडाची तलवार बाळगतात कशाला? तो बोंडाच्या चकत्या जुळवायला लागला.

मूठ का उघडली याचं खरं उत्तर त्याला दिलं नाही. तुला देते. वाटलं, चिठ्ठी आत ठेवली असशील. आत दुधाच्या डब्याचा पत्रा होता, पाचर म्हणून कोंबलेला. त्यावरची परकी अक्षरं मी चष्मा लावून दोनदा पाहिली.

बाबा गेले ते तुला तेरवीनंतर कळवलं. फोन लागत नव्हता असं सगळ्यांना सांगितलं. लागत होता. मला न विचारता गेलास, त्याचा राग होता. बाबा चार दिवस तुझं नाव घेत होते आणि मी ओसरीवर बसून ऐकत होते.

हे तुला कळलं म्हणून तलवार पाठवलीस, की कळलं नाही म्हणून? दोन्हीकडून विचार केला. काही ठरत नाही.

जागेश्वर म्हणतो, सगळे तुकडे द्या, तिकडे दुरुस्त करून घेतो. मी फक्त बोंड देते आहे. पातं बाबांच्या दुपट्ट्यात गुंडाळून इथेच ठेवलं आहे. बसवायचं असेल तर इथे येऊन बसव.

फोन लागत असूनही न कळवणारी,
तुझी ताई